शिखर परिषद, निदर्शनं आणि बंदोबस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जी-7, जी-20 किंवा हवामान परिषद जवळ आली की वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. रस्ते बंद का, मोर्चेकरी कोण, पोलीस असं वागू शकतात का, या सगळ्याचा उपयोग काय. बरेचसे प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी आणली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या पानामागचं मत आधीच सांगून टाकतो: पाहुण्या नेत्यांचा जीव सांभाळणं आणि लोकांना त्यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडू देणं, ही दोन्ही कामं यजमान सरकारचीच आहेत. पहिल्याचं कारण सांगून दुसरं टाळता येत नाही.

1. या परिषदा असतात कशासाठी, आणि लोक तिथेच जाऊन निदर्शनं का करतात?

1975 साली फ्रान्समध्ये राम्बुये इथे सहा देशांचे नेते भेटले आणि पुढच्या वर्षी कॅनडा आला. त्यातून जी-7 उभा राहिला. रशिया सोबत होता तोवर तो जी-8 म्हणून ओळखला जाई. जी-20च्या राष्ट्रप्रमुखांची पहिली बैठक 2008 मध्ये वॉशिंग्टनला झाली. जागतिक व्यापार संघटना, नाणेनिधी आणि हवामान करार यांच्या बैठका वेगळ्या असतात, पण निदर्शनं आणि बंदोबस्ताचं चित्र तेच असतं.

तिथे जायचं कारण साधं आहे. कर्ज, व्यापार, इंधन, औषधांचे पेटंट यांवरचे निर्णय ज्यांना भोगावे लागतात, त्यातल्या बहुतेकांनी त्या खोलीतल्या एखाद-दुसऱ्या नेत्यालाच मत दिलेलं असतं, कित्येकांनी कुणालाच नाही. सगळे निर्णयकर्ते एका गावात सापडतात ते वर्षातून दोन-तीन दिवस. तेवढ्याच दिवसांत आवाज पोचवायचा असतो.

2. मोर्चेकरी सगळे एकाच विचाराचे असतात का?

अजिबात नाही. 1999 मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीबाहेर पोलाद कामगारांच्या संघटना होत्या, चर्चचे गट होते, शेतकरी होते, आणि कासवाचे पोशाख घातलेले पर्यावरणवादीही होते. 2005 मध्ये हाँगकाँगला दक्षिण कोरियाचे शेतकरी आले. ते तीन पावलं चालून एकदा जमिनीवर माथा टेकवत पुढे सरकत होते, आणि काहींनी तर थेट बंदराच्या पाण्यात उड्या टाकून परिषदेच्या इमारतीकडे पोहायला सुरुवात केली. यांच्या मागण्याही कधीकधी एकमेकींच्या विरुद्ध असतात. एका गटाला आयात शुल्क वाढवून हवं असतं, तर दुसऱ्याला गरीब देशांच्या मालासाठी श्रीमंत देशांची बाजारपेठ खुली हवी असते. त्यामुळे 'निदर्शकांचं म्हणणं काय' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं.

3. सुरक्षेची जबाबदारी कोणाची? प्रत्येक नेता स्वतःचे अंगरक्षक आणतोच ना?

आणतो, पण मुख्य जबाबदारी यजमान देशाची. 1973 साली संयुक्त राष्ट्रांमध्ये झालेल्या करारानुसार परदेशी राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री ज्या देशात असतील, त्या देशाने त्यांच्यावरचे हल्ले रोखायचे आणि हल्लेखोरांवर कारवाई करायची असते. परदेशी अंगरक्षक आपल्या नेत्याभोवतीचं कडं सांभाळतात. रस्ते, गर्दी, अटक हे सगळं स्थानिक पोलिसांकडे असतं. आकाश आणि किनारा अनेकदा लष्कराकडे सोपवतात. गोंधळ बहुधा इथेच होतो: अनेक शहरांतून मदतीला आलेले, एकमेकांना न ओळखणारे, वेगवेगळ्या सवयीचे पोलीस एका चौकात उभे केले जातात आणि आदेश नेमका कुणाचा हे कुणालाच धड ठाऊक नसतं.

4. 'रेड झोन' म्हणजे काय? तिथे राहणाऱ्यांनी काय करायचं?

परिषदेच्या जागेभोवतीचा असा भाग, जिथे पास असल्याशिवाय प्रवेश नाही. बहुतेक ठिकाणी दोन वर्तुळं असतात. आतलं पूर्ण बंद असतं आणि बाहेरच्या वर्तुळात तपासणी करून सोडतात. रहिवाशांना ओळखपत्र किंवा पास मिळतो, पाहुण्यांची नावं आधी कळवावी लागतात, गाड्या हलवाव्या लागतात. 2001 मध्ये क्वेबेक शहरात अमेरिका खंडांतल्या देशांची परिषद झाली तेव्हा जुन्या शहराभोवती तीन मीटर उंच कुंपण घातलं होतं. निदर्शकांनी लाकडी गोफणयंत्र आणून त्यावरून कापडी खेळणी आत भिरकावली. पोलिसांकडून अश्रुधूर इतका सुटला की कुंपणाबाहेरच्या घरांतली माणसंही हैराण झाली.

कुंपण घालणं बेकायदा नाही. पण ते किती लांबीचं आणि किती दिवसांसाठी, याचं कारण प्रशासनाला देता आलं पाहिजे.

5. हल्ली परिषदा डोंगरात, जंगलात किंवा समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्येच का होतात?

2001 च्या जिनोव्हानंतर (प्रश्न 12) जी-8 ने मोठी शहरं टाळायला सुरुवात केली. 2002 मध्ये कॅनडातलं कननास्किस, 2005 मध्ये स्कॉटलंडमधलं ग्लेनईगल्स, 2007 मध्ये जर्मनीतलं हायलिगेनडाम, 2015 आणि 2022 मध्ये बव्हेरियातलं एल्माऊ. हायलिगेनडामला बारा किलोमीटर कुंपण घातलं आणि त्यावर सुमारे सव्वा कोटी युरो खर्च झाले.

जी-20 ला ही सोय नाही. शिष्टमंडळं, अधिकारी, पत्रकार मिळून इतकी माणसं येतात की मोठ्या शहराशिवाय हॉटेलंच पुरत नाहीत. म्हणून 2010 चं टोरांटो आणि 2017 चं हॅम्बुर्ग.

6. नेते डोंगरात आणि आम्हाला दिलेली जागा शंभर किलोमीटरवर. हे चालतं का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 21व्या कलमात शांततामय सभेचा हक्क आहे. त्या कलमाचा अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2020 मध्ये सविस्तर सांगितला, सामान्य टिप्पणी क्रमांक 37 मध्ये. त्यातलं सूत्र असं की निदर्शनं ज्यांच्यासाठी आहेत त्यांना ती शक्यतो दिसावीत आणि ऐकू यावीत. सुरक्षेसाठी अंतर राखता येतं, पण लोकांना नजरेआड करणं हाच ज्या अंतराचा हेतू आहे ते समर्थनीय ठरत नाही.

2025 मध्ये जी-7 पुन्हा कननास्किसला भरली. तेव्हा कॅल्गरी आणि बॅन्फमध्ये निदर्शनांसाठी जागा ठरवून दिल्या आणि तिथलं थेट चित्रण परिषदेच्या ठिकाणी दाखवण्याची व्यवस्था केली. काहीच नसण्यापेक्षा हे बरं. माझ्या मते मात्र ते पुरेसं नाही. समोरच्या गर्दीकडे पाठ फिरवायलाही नेत्याला काहीतरी करावं लागतं, पडदा न पाहायला काहीच करावं लागत नाही.

7. मोर्च्यासाठी परवानगी लागते की फक्त कळवायचं?

देशागणिक वेगळं. जर्मनीत खुल्या जागेतल्या सभेची आधी नोंद द्यायची असते, परवानगी मागायची नसते. प्रशासनाला अटी घालता येतात आणि त्या अटींविरुद्ध आयोजक तातडीने न्यायालयात जाऊ शकतात. भारतात संविधानाचं कलम 19(1)(ब) शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचं स्वातंत्र्य देतं, पण प्रत्यक्षात पोलिसांच्या परवानगीवर आणि जमावबंदीच्या आदेशांवर बरंच काही अवलंबून असतं. जमावबंदीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144 वापरत, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163.

टिप्पणी 37 चा कल पूर्वसूचनेकडे आहे. सूचना दिली नाही एवढ्यानेच सभा बेकायदा ठरू नये, आणि अचानक घडलेल्या घटनेवर लोक उत्स्फूर्त जमले तर त्यांच्याकडे आठ दिवस आधीचा अर्ज मागू नये, असं ती सांगते.

8. दहशतवादाचा धोका खरा असतो की ते फक्त निमित्त?

धोका खरा असतो. 7 जुलै 2005 ला ग्लेनईगल्सची परिषद चालू असताना लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बाँबस्फोट झाले, 52 निरपराध माणसं गेली. नोव्हेंबर 2015 च्या पॅरिस हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी तिथे हवामान परिषद सुरू झाली. आणीबाणी लागू होती आणि मोर्च्यावर बंदी आली. लोकांनी मग रिपब्लिक चौकात हजारो बूट-चपला मांडून ठेवल्या. त्यात पोपनी पाठवलेला जोडही होता.

पण बाँब ठेवणारा फलक घेऊन मोर्च्यात चालत येत नाही. हल्ला रोखायला लागते ती गुप्त माहिती, तपासणी आणि बंद रस्ते. त्या धोक्याचं नाव घेऊन मोर्चेकऱ्यांवर लाठी चालवणं ही दोन वेगळ्या कामांची सरमिसळ आहे.

9. काही जणांनी दगडफेक केली तर सगळा मोर्चाच बेकायदा ठरतो का?

नाही. हिंसा करणाऱ्यावर कारवाई होते. शेजारून शांतपणे चालणाऱ्याचा हक्क त्यामुळे संपत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आणि टिप्पणी 37 ने हे स्पष्ट केलं आहे. सगळा जमाव पांगवायचा तो हिंसा व्यापक आणि गंभीर असेल तेव्हाच.

सिएटलचं उदाहरण घ्या. 30 नोव्हेंबर 1999 ला काळे कपडे घातलेल्या एका छोट्या गटाने दुकानांच्या काचा फोडल्या. पण पोलिसांचा अश्रुधूर आधीपासून मुख्यतः चौकांमध्ये ठिय्या देऊन बसलेल्यांवर चालू होता. महापौरांनी संचारबंदी लावली, मध्यवर्ती भागात निदर्शनांवरच बंदी घातली, आणि गव्हर्नरनी नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदल बोलावलं. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. 2007 मध्ये ज्युरीने एका बागेतून केलेल्या सामूहिक अटकेत नागरिकांच्या हक्कांचा भंग झाल्याचं ठरवलं आणि शहराने दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हाचे पोलीसप्रमुख नॉर्म स्टॅम्पर यांनी राजीनामा दिला होता. शांत निदर्शकांवर अश्रुधूर सोडणं चूक होती, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं.

हॅम्बुर्गचं उलटं चित्रही विसरू नये. 7 जुलै 2017 च्या रात्री शान्त्सन भागात दुकानं लुटली गेली, रस्त्यांवर आगी लावल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात हजारो लोकांचा मोठा मोर्चा बहुतांशी शांततेत पार पडला. जगभर फिरली ती आगीचीच छायाचित्रं. ज्यांनी दुकानं लुटली आणि आगी लावल्या त्यांनी सर्वात मोठं नुकसान त्या दुसऱ्या दिवशीच्या मोर्च्याचं केलं, असं मला ठामपणे वाटतं.

10. पोलिसांनी चारही बाजूंनी कोंडलं आणि तासन्‌तास बाहेर सोडलं नाही. हे कायदेशीर आहे का?

कधी आहे, कधी नाही. या कोंडीला केटलिंग म्हणतात. 1 मे 2001 ला लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसमध्ये लोकांना सुमारे सात तास असं अडकवलं गेलं. त्यात मोर्च्याशी संबंध नसलेले पादचारीही सापडले. 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की त्या विशिष्ट परिस्थितीत, हिंसा टाळायला दुसरा मार्ग नसताना, हे स्वातंत्र्य हिरावणं ठरत नाही. पण याच निकालात बजावलं आहे की निदर्शनं दडपायला किंवा निरुत्साहित करायला ही युक्ती वापरता येणार नाही.

टोरांटोत ती मर्यादा ओलांडली गेली. 27 जून 2010 ची संध्याकाळ, क्वीन आणि स्पडायना रस्त्यांचा चौक. मुसळधार पावसात सुमारे चार तास लोक उभे. त्यांत निदर्शक होते, तसेच जवळपास राहणारे आणि नुसतेच तिथून जाणारेही होते. बाहेर पडायचं तर वाट नाही, कारण पांगण्याची सूचना बहुतेकांना ऐकूच आली नव्हती आणि ऐकली त्यांना पोलिसांच्या रांगेने अडवलं. त्या शनिवार-रविवारी हजाराहून अधिक लोक पकडले गेले आणि बहुतेकांवर खटला उभा राहिलाच नाही. कोंडीचा आदेश देणारे वरिष्ठ अधिकारी 2015 मध्ये शिस्तभंगाच्या सुनावणीत दोषी ठरले. 2020 मध्ये सामूहिक दाव्यात पोलिसांनी 1 कोटी 65 लाख कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं.

कोंडीत सापडलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. औषध, श्वास लागणं, लहान मूल, गरोदरपण असं कारण असेल तर ते मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा सांगा, कारण असुरक्षित व्यक्तीला बाहेर काढणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. पुढे ती नोंद लागते (प्रश्न 23).

11. काहीच केलं नसताना 'पुढे काही कराल' म्हणून आधीच डांबून ठेवू शकतात?

ठोस, नेमका गुन्हा टाळायचा असेल तर थोड्या वेळासाठी, काही देशांत. नुसत्या संशयावर नाही. हायलिगेनडामच्या वेळी दोन तरुणांना एका तुरुंगाबाहेर पकडलं. गाडीत कापडी फलक सापडले, त्यावर कैद्यांना मुक्त करा अशा आशयाच्या घोषणा होत्या. पोलिसांनी अर्थ लावला की हे लोकांना तुरुंग फोडायला चिथावणार. दोघांना साडेपाच दिवस आत ठेवलं, तोवर परिषद संपली होती. 2011 मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की व्यक्तिस्वातंत्र्य आणि सभास्वातंत्र्य दोन्हींचा भंग झाला. फलक जप्त करणं पुरेसं होतं.

सीमेवर अडवणं हा याचाच भाऊ. जिनोव्हा, एल्माऊ, हॅम्बुर्ग या परिषदांच्या वेळी शेंगेन क्षेत्रातली (आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांमधली) पासपोर्ट तपासणी तात्पुरती पुन्हा सुरू केली गेली. परदेशी माणसाला प्रवेश नाकारण्याचा सरकारचा अधिकार बराच व्यापक असतो, हे धरूनच प्रवास आखावा.

12. जिनोव्हात नेमकं काय झालं होतं? सगळे तेच नाव का घेतात?

जुलै 2001, इटली, जी-8. शहराचा मध्यभाग लाल क्षेत्र म्हणून बंद, विमानतळावर विमानविरोधी क्षेपणास्त्रं. 20 जुलैला अलिमोंदा चौकात चकमक चालू असताना निमलष्करी पोलिसांची एक जीप अडकली. 23 वर्षांचा कार्लो जुलियानी आग विझवायचं नळकांडं उचलून जीपकडे गेला. आतल्या जवानाने गोळी झाडली आणि मागे येताना जीप कार्लोच्या अंगावरून गेली. युरोपीय न्यायालयाने 2011 मध्ये बळाचा हा वापर युरोपीय मानवी हक्क कराराचा भंग ठरवला नाही. अनेकांना हा निकाल पटलेला नाही, पण निकाल हाच आहे.

दुसऱ्या रात्री जे झालं त्याला मात्र कसलाच बचाव नाही. निदर्शक आणि पत्रकार दियाझ नावाच्या शाळेत झोपायला उतरले होते. पोलीस मध्यरात्रीच्या सुमारास आत शिरले. 62 वर्षांचे एक गृहस्थ भिंतीला टेकून, हात वर करून बसले होते. त्यांना इतकं मारलं की हात, पाय आणि बरगड्या मोडल्या. 93 जणांना अटक झाली, त्यातले साठाहून अधिक जखमी होते. शाळेत दोन पेट्रोल बाँब सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं, नंतर उघड झालं की ते पोलिसांनीच आणून ठेवले होते. पकडलेल्या अनेकांचा बोल्झानेतोच्या छावणीत पुन्हा छळ झाला.

2012 मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने खोटे पुरावे रचल्याबद्दल वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांची शिक्षा कायम केली. मारहाणीचे गुन्हे मात्र मुदत उलटल्याने निसटले, कारण इटलीच्या कायद्यात छळ हा वेगळा गुन्हाच नव्हता. 2015 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या गृहस्थांच्या खटल्यात दियाझमधल्या वागणुकीला छळ म्हटलं आणि कायद्यातल्या या पोकळीवर बोट ठेवलं. 2017 मध्ये इटलीने छळाला गुन्हा ठरवणारा कायदा केला. एका रात्रीच्या न्यायासाठी सोळा वर्षं.

13. मोर्च्यात साध्या वेशातले पोलीस असतात, ही अफवा की खरं?

खरं. ऑगस्ट 2007 मध्ये क्वेबेकमधल्या माँतेबेलोला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या नेत्यांची बैठक होती. चेहरे झाकलेले तिघं पुढे सरसावले, एकाच्या हातात दगड. एका कामगार नेत्याने त्यांना अडवलं, दगड टाकायला सांगितलं आणि हे पोलीस असल्याचं तिथेच बोलून दाखवलं. तिघं पोलिसांच्या रांगेत शिरले आणि त्यांना 'अटक' झाली. छायाचित्रांत त्यांच्या बुटांचे तळवे पोलिसांच्या बुटांसारखेच दिसत होते. चित्रफीत पसरल्यावर प्रांतिक पोलिसांनी कबूल केलं की ते त्यांचेच कर्मचारी होते. चिथावणी देत होते, हे मात्र नाकारलं.

ब्रिटनचा गुप्त पोलीस मार्क केनेडी तर कित्येक वर्षं खोट्या नावाने पर्यावरणवादी चळवळीत राहिला, स्त्रियांशी संबंध ठेवले, जर्मनीतही वावरला. 2010 मध्ये तो उघडा पडला. अशा हेरगिरीची सार्वजनिक चौकशी पुढे सरकारला नेमावी लागली.

माहिती काढायला गुप्त पोलीस ठेवणं एकवेळ समजू शकतं. दगड हातात घेतलेला पोलीस मात्र मोर्चा आणि कायदा दोघांचाही विश्वासघात करतो.

14. चेहरा झाकला तर गुन्हा आहे का?

जर्मनीत निदर्शनांत ओळख लपवण्यावर 1985 पासून बंदी आहे. कॅनडात 2013 च्या कायद्याने दंगलीत चेहरा झाकून भाग घेतल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. टिप्पणी 37 म्हणते की चेहरा झाकणं म्हणजे हिंसेचा हेतू असं धरू नये. अश्रुधुरापासून बचाव किंवा मायदेशातल्या सरकारची भीती, अशी कारणं असू शकतात. पण सामान्य टिप्पणी खिशात ठेवून स्थानिक कायदा मोडू नका. आधी तो वाचा.

15. मोबाईलवर पोलिसांचं चित्रीकरण केलं तर चालेल का?

सार्वजनिक जागेत, कामात अडथळा न आणता, बहुतेक लोकशाही देशांत चालतं. आणि ते किती मोलाचं ठरतं ते पाहा. 1 एप्रिल 2009 ला लंडनमध्ये जी-20च्या वेळी इयन टॉमलिन्सन हे 47 वर्षांचे वृत्तपत्र विक्रेते घरी निघाले होते. ते कोसळले आणि गेले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात भर होता तो मदत करणाऱ्या पोलिसांवर बाटल्या फेकल्या गेल्या यावर. पहिल्या शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. मग एका वाटसरूने घेतलेलं चित्रण वृत्तपत्राने प्रसिद्ध केलं: खिशात हात घालून पाठमोरे चाललेले टॉमलिन्सन, मागून पोलिसाची लाठी आणि जोरदार धक्का. पुन्हा तपासणी झाली तेव्हा अंतर्गत रक्तस्राव पुढे आला. 2011 मध्ये चौकशीतल्या ज्युरीने हा बेकायदा मृत्यू ठरवला. 2012 मध्ये संबंधित अधिकारी सदोष मनुष्यवधातून सुटला, पण नोकरीतून काढला गेला.

चित्रण घेतलंत तर मूळ फाईल न कापता जपून ठेवा.

16. पत्रकारांना वेगळी सूट असते का?

रेड झोनमध्ये जायला अधिस्वीकृतीपत्र लागतं, आणि ते काढूनही घेतलं जाऊ शकतं. हॅम्बुर्गमध्ये परिषद चालू असताना 32 पत्रकारांचं पत्र रद्द झालं. त्यातल्या काहींबद्दलची पोलिसी माहितीच चुकीची होती, हे नंतर सरकारला मान्य करावं लागलं. जमाव पांगवण्याचा आदेश निघाला तरी पत्रकार आणि निरीक्षकांना तिथे थांबून पाहण्याचा हक्क आहे, असं टिप्पणी 37 सांगते.

17. परिषदेसाठी केलेले खास कायदे नंतर तसेच राहतात का?

ब्रिस्बेनच्या 2014 च्या जी-20 साठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने वेगळा कायदा केला. निषिद्ध वस्तूंच्या यादीत अंडी आणि पतंगसुद्धा होते. तो परिषदेपुरताच होता. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग: कायदा विधिमंडळात, उघड, मुदत ठरलेली.

टोरांटोत उलट झालं. 1939 सालचा, महायुद्धाच्या काळात सार्वजनिक बांधकामांच्या रक्षणासाठी केलेला कायदा गाजावाजा न करता कुंपणाला लागू केला. कुंपणापासून पाच मीटरच्या आत आलेल्या कुणालाही ओळख विचारता येते, असा समज पसरला. प्रत्यक्षात अधिकार कुंपणाच्या आतल्या भागापुरता होता, आणि हा गैरसमज परिषद संपेपर्यंत दूर केला गेला नाही. प्रांताचे लोकपाल आंद्रे मारिन यांनी डिसेंबर 2010 च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. तो कायदा पुढे रद्द झाला.

18. दिल्लीत 2023 साली काय झालं?

9 आणि 10 सप्टेंबरला भारत मंडपममध्ये जी-20 झाली. 8 ते 10 सप्टेंबर शाळा, कार्यालयं बंद ठेवली, नवी दिल्लीचा भाग नियंत्रित क्षेत्र केला. काही वस्त्यांसमोर हिरवे पडदे लावले गेले आणि आधीच्या महिन्यांत झोपड्या पाडल्या गेल्या. तिबेटी निर्वासितांनी मजनू का टीला भागात चीनविरोधी निदर्शनं केली.

खरा प्रश्न ऑगस्टमधला आहे. 'वी-20' ही लोकांची पर्यायी परिषद एका सभागृहात, चार भिंतींच्या आत चालू होती. पोलिसांनी परवानगी नसल्याचं कारण देत ती मध्येच थांबवली. रस्ता अडत नाही, ताफ्याला धोका नाही, तिथे बंदोबस्ताचं कारण टिकत नाही. कार्यक्रम बंदिस्त जागेत असेल तर प्रश्न 7 मधला जमावबंदीचा युक्तिवाद आणखी लंगडा पडतो.

19. खर्च कोण देतं, आणि फुटलेल्या काचांचे पैसे?

बंदोबस्ताचा खर्च करदात्यांचा. 2010 मध्ये टोरांटोची जी-20 आणि त्याच प्रांतातल्या हंट्सव्हिलची जी-8 मिळून तो एक अब्ज कॅनेडियन डॉलरच्या आसपास गेला. दंगलीतलं नुकसान अनेक विमा पॉलिसींमध्ये येत नाही, तेव्हा दुकानदारांनी परिषदेआधीच पॉलिसी काढून वाचावी. हॅम्बुर्गमध्ये केंद्र आणि शहर सरकारने मिळून चार कोटी युरोंपर्यंतचा मदतनिधी उभारला होता. तसा सगळीकडे मिळेलच असं नाही.

20. ताफ्याच्या रस्त्यावर शांतपणे ठिय्या दिला तर ती हिंसा ठरते का?

हिंसा नाही, पण अटक होऊ शकते. हायलिगेनडामला हजारो लोक पाच तुकड्यांत विभागून शेतांतून चालत गेले, पोलिसांच्या रांगांच्या फटींतून पसरले आणि कुंपणाकडे जाणारे रस्ते अडवून बसले. वाहतुकीला अडचण होणं म्हणजे हिंसा नव्हे, हे टिप्पणी 37 मध्ये आहे. मात्र मुद्दाम दीर्घकाळ रस्ता रोखणाऱ्याला शिक्षा देण्याची मुभा न्यायालयांनी सरकारांना ठेवली आहे. रुग्णवाहिकेला वाट ठेवा. हा कायद्याआधी माणुसकीचा भाग आहे.

21. मी एकटाच फलक घेऊन उभा राहिलो तर जमावबंदी लागू होते?

एकटा माणूस म्हणजे सभा नव्हे. तिथे सभेचा नव्हे, अभिव्यक्तीचा हक्क लागू होतो (प्रश्न 6 मधल्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 19). रेड झोनच्या आत मात्र पासशिवाय एकट्यालाही उभं राहता येत नाही, मग हातात फलक असो वा नसो.

22. या सगळ्याने काही बदलतं का?

बदलतं, दर वेळी नाही. 16 मे 1998 ला ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये जी-8 परिषद चालू असताना गरीब देशांचं कर्ज माफ करा म्हणत सुमारे 70 हजार लोकांनी शहराच्या मध्यभागाभोवती हातात हात धरून साखळी केली. नेते त्या दिवशी शहराबाहेर वेस्टन पार्कला गेले होते. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर परत येऊन आंदोलकांच्या प्रतिनिधींना भेटले. पुढच्या वर्षी कलोनच्या परिषदेत कर्जसवलत वाढवली गेली. 2005 मध्ये ग्लेनईगल्सआधी एडिनबराच्या रस्त्यांवर दोन लाखांहून अधिक लोक उतरले, आणि त्या परिषदेत सुरुवातीला 18 देशांचं सुमारे 40 अब्ज डॉलर कर्ज रद्द करण्यावर सहमती झाली. मागणी एक, स्पष्ट, मोजता येण्याजोगी होती, आणि मागे वर्षानुवर्षांचं काम होतं.

सिएटलची बोलणी फिसकटली त्याचं श्रेय रस्त्याला देतात. अर्धंच खरं. आत विकसनशील देशांचे प्रतिनिधी, निवडक देशांच्या बंद खोलीतल्या बैठकांतून वगळल्यामुळे, आधीच संतापलेले होते. बाहेरच्या गर्दीने त्यांना बळ दिलं.

23. परिषद संपली, सगळे घरी गेले. आता तक्रार करून उपयोग आहे का?

आहे, पण वेळ लागतो: टोरांटोकरांना दहा वर्षं, जिनोव्हाच्या त्या गृहस्थांना चौदा. म्हणून पहिल्या दोन दिवसांतली कागदपत्रं सर्वात महत्त्वाची. इजा असेल तर त्याच दिवशी सरकारी किंवा नोंदणीकृत डॉक्टरकडून तारीख-वेळेसह प्रमाणपत्र घ्या. पोलिसाचा बिल्ला क्रमांक, हेल्मेटवरचा आकडा, गाडीचा नंबर लिहा. दिसला नाही तर तसंही लिहा. कारण बिल्ला झाकणं ही स्वतंत्र तक्रार होऊ शकते. सोबतच्या दोघांकडून त्यांच्या शब्दांत हकिकत लिहून घ्या आणि तिच्यावर सही घ्या. काही देशांत पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जायची मुदत फार थोडी असते, तेव्हा वकील शोधण्यात महिने घालवू नका. आधी अर्ज द्या, पोच घ्या, वकील नंतर येईल.